पोळा ते आवळी नवमी : विदर्भातल्या गावात शरदाची बेगमी कशी करावी

वाळवण म्हटलं की उन्हाळा डोळ्यांपुढे येतो. धापोडे, कुरड्या, शेवया, सरगुंडे हे सगळं चैत्र-वैशाखातलं. पण विदर्भातल्या गावात साठवणीचा आणखी एक हंगाम असतो. तो पोळ्यानंतर सुरू होतो आणि आवळी नवमीच्या आसपास संपतो. परसात गवार, कारली, बरबटी (चवळीच्या शेंगा) लदबदलेली असतात. उडीद-मूग घरात येतो. मांडवावरचं कोहळं पिकतं, सीताफळं डोळे उघडतात, अंबाडी लाल होते, भंडारा-गोंदियाकडून शिंगाडे येतात आणि शेवटी आवळा. अडचण अशी की नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी म्हणजे कापणी आणि कापसाचा वेचा सुरू असतो. घरात माणूस सापडत नाही, आणि परसातली भाजी जून होऊन जाते.

मी लग्न होऊन पुण्याकडून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावात आले. इथल्या बायकांच्या हातात हे सगळं काम आहे, पण विचारलं की उत्तर मिळतं, “करता करता येते बाई.” येतं हे खरं, पण काय आधी, काय नंतर, कशाला ऊन, कशाला सावली, हे कुणी ओळीनं सांगितलं असतं तर फार सोपं झालं असतं. गावात नवी सून म्हणून आला असाल, शाळेत किंवा दवाखान्यात बदलीवर आला असाल, किंवा शहर सोडून आपल्याच वावरात परतला असाल, तर हे तुमच्यासाठी.

१. आधी ऊन आणि दव ओळखा

उन्हाळ्यातलं वाळवण दिवसभर विसरलं तरी चालतं. शरदातलं नाही. मान्सून विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो. त्याआधीचं भाद्रपदातलं ऊन फसवं असतं, सकाळी चटका आणि दुपारी सर. दसऱ्याच्या सुमाराला ऊन खरोखर कडक होतं, पण दिवस लहान झालेला असतो आणि रात्री दव पडायला लागतं. दिवसभर वाळलेली काचरी, म्हणजे वाळवणाची भाजी, रात्रभर अंगणात राहिली, तर सकाळी जिथल्या तिथे. वरून सुकी दिसते, आत ओल धरते, आणि आठ-पंधरा दिवसांनी डब्यात बुरशी.

म्हणून वेळ पाळा. सकाळी अंगणातलं दव सुकल्यावर, नऊ-साडेनऊच्या पुढे टाकायचं. साडेचार-पाचला उचलून घरात न्यायचं. रात्री डब्यात कोंबायचं नाही, सुपात पसरून वर पातळ फडकं टाकून ठेवायचं. माझ्या सासूबाईंचं एकच पालुपद असतं, “दव पडाच्या आंधी उचला वो पोरींनो.” बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकायला नको.

दुसरं, एका वेळी थोडंच करा. सूपभर, फार तर बाजभर. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत केव्हाही येतो. सूपभर माल पंख्याखाली वाचवता येतो, पोतंभर वाचत नाही.

२. सामान जमवून ठेवा

- सुतळीची किंवा नेवारीची बाज. खालून वारा लागतो, त्यामुळे गच्चीच्या फरशीपेक्षा बाजेवर लवकर वाळतं, आणि कोंबड्या-शेळ्यांपासूनही वर राहतं.
- पांढरं, धुवून वापरातलं सुती कापड. कच्च्या रंगाच्या जुन्या साड्या नकोत, ओल्या फोडींना रंग लागतो.
- दोन सुपं, एक-दोन बांबूची टोपली. आठवडी बाजारात बुरूड बसतात, त्यांच्याकडून घ्या. प्लास्टिकच्या घमेल्यात तळाला घाम धरतो.
- वरून टाकायला मच्छरदाणीचं जुनं कापड.
- स्टीलचे गंज (उंच पातेली), किसणी, धारदार विळी.
- चिनी मातीच्या बरण्या लोणच्यासाठी, काचेच्या बरण्या अंबाडीसाठी, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे काचऱ्यांसाठी.
- खडे मीठ, हिंग आणि हळद. वर्ध्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद मिळाली तर तीच घ्या, लोणच्याचा रंगच वेगळा येतो.
- कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन. कशाला ते शेवटी सांगते.

इथे दोन गोष्टी ठासून सांगायच्या आहेत. खताची रिकामी पोती किंवा फवारणीचं सामान बांधलेली ताडपत्री वाळवणाखाली अंथरू नका, धुतलेली असली तरी नाही. आणि भाजी कुठून आली ते विचारा. आपल्याकडे अंबाडी आणि बरबटी पुष्कळदा कपाशीच्या धुऱ्यावर (बांधावर) किंवा तासात (ओळींत) लावलेली असते. कपाशीवर औषध मारलं की ते शेजारच्या अंबाडीवरही उडतं. “फवारा कधी मारला होता?” हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही, शेतकरी स्वतःच सांगतो. नुकता मारलेला असेल तर ती भाजी ना खायची, ना वाळवायची. परसातली किंवा घरच्या वाडीतली सगळ्यात चांगली.

३. घरातले हात पाहून काम ठरवा

सोंगणीच्या दिवसांत घरातल्या धडधाकट माणसांकडून वाळवणाची अपेक्षा करू नका. ती पहाटे जातात आणि अंधारात येतात. हे काम आजी, शाळेतून आलेली पोरं आणि सुटीच्या दिवशी घरी असणारा जो कुणी असेल त्याचं. आमच्याकडे मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुपारी बाजेजवळ बसून राखण करतात आणि शेंगा मोडून देतात. पोरांना उलथवायचं काम आवडतं. ज्या दिवशी किसायचं आणि वाटायचं मोठं काम असेल, तो दिवस मजुरांच्या सुटीचा किंवा गावच्या बाजाराचा धरा. त्या दिवशी वावरातही काम कमी असतं.

४. काचऱ्या : सुरुवात इथून करा

नवख्या माणसानं पहिलं काम गवारीचं घ्यावं. बिघडण्याची भीती कमी आणि फायदा लगेच दिसतो.

कोवळी गवार घ्या, जून नको. देठ-शिरा काढून अख्खीच ठेवा. गंजात पाणी उकळा, मूठभर मीठ टाका, गवार त्यात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि चाळणीत उपसा. रंग भडक हिरवा झाला की पुरे, शिजवायची नाही. पाणी पूर्ण निथळल्यावर बाजेवरच्या कापडावर एकेरी पसरा. चांगलं ऊन असेल तर तीन-चार दिवसांत होते. बरबटीच्या शेंगाही अशाच.

कारल्याच्या गोल चकत्या करून मीठ-हळद चोळून तासभर ठेवा, सुटलेलं पाणी पिळून काढा आणि वाळत टाका. वांग्याच्या उभ्या फोडी चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. भेंडी न उकळता चिरून तशीच वाळवा, पाणी लागलं की चिकट होते. टमाटरच्या चकत्या मीठ लावून वाळतात, पण त्यांना सगळ्यात जास्त ऊन लागतं, म्हणून त्या दिवाळीनंतरच घ्या.

झालं की नाही हे हाताला कळतं. काचरी दोन बोटांत धरून मोडा. कट् असा आवाज यायला हवा. वाकली, चामड्यासारखी लवली, तर अजून एक ऊन द्या. डब्यात भरण्याआधी सावलीत तासभर गार होऊ द्या. उन्हातून थेट डब्यात घातली की झाकणाला आतून घाम येतो.

खायची रीत सोपी. वाळलेली गवार थोड्या तेलात कुरकुरीत तळून वरून मीठ-तिखट, वरणभाताशी. किंवा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, तुरीच्या डाळीत, लसणाची फोडणी देऊन. उन्हाळ्यात भाजीचे भाव चढतात, तेव्हा हा डबा कामी येतो.

५. कोहळं : अर्धं ठेवायचं, अर्धं खायचं

बाहेरून आलेल्यांचा इथे गोंधळ उडतो. आपल्याकडे नुसतं कोहळं म्हणजे लाल भोपळा. पांढुरक्या भुकटीचं, ज्याचा पेठा करतात, ते भुरं कोहळं. बाजारात मागताना नीट सांगा.

लाल कोहळं वाळवायची गरजच नाही, ते अख्खं टिकतं. फक्त देठ चार बोटं ठेवून कापलेलं हवं. देठ तुटला की तिथूनच सडायला लागतं. साल नखानं ओरखडली जात नसेल इतकं पिकलेलं घ्या, आठ-दहा दिवस ऊन दाखवा, मग घरात फळीवर किंवा शिंक्यात ठेवा. जमिनीवर ठेवायचं नाही, एकमेकांना टेकवायचं नाही. असं ठेवलं की होळीपर्यंत सहज पुरतं.

आणि त्यातलं एक तरी भुलाबाईच्या दिवसांत फोडा. भाद्रपद पौर्णिमेला बसलेली भुलाबाई कोजागिरीला जाते. रोज संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. त्या खाऊत कोहळ्याची बोंडं हवीतच. कोहळं किसून, किसाच्या निम्मा गूळ घालून मंद आचेवर शिजवा, पाणी आटलं की गार करा, त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, थोडी खसखस. पीठ सैलसर ठेवा आणि बोटांनी तेलात सोडा. आच मोठी ठेवली तर गुळामुळे बाहेरून काळी आणि आत कच्ची राहतात.

भुऱ्या कोहळ्याच्या वड्या हे मात्र या सगळ्या हंगामातलं माझं सगळ्यात आवडतं काम, म्हणून सविस्तर सांगते. नवीन उडीद आलेला असतो आणि भुरं कोहळंही तयार असतं, त्यामुळे दोन्ही घरचंच.

एक किलो उडदाची सालीची डाळ रात्री भिजवा. सकाळी चोळून, पाण्यात खळखळून साल काढा. हे काम वेळखाऊ आहे, पोरांना हाताशी घ्या. कोहळ्याचं साल आणि बिया काढून किसा. दीड-दोन किलो कीस पुरतो. कीस फडक्यात बांधून पिळा आणि निघालेलं पाणी फेकू नका. डाळ वाटताना लागेल तेवढं हेच पाणी वापरायचं, साधं नाही. वाटण घट्ट हवं. त्यात पिळलेला कीस, आलं, हिरवी मिरची, जिरं, भरडलेले धने, हिंग. मीठ नेहमीच्या निम्मं. वाळल्यावर ते आपोआप जास्त लागतं, शिवाय जास्त मिठाची वडी दमट हवेत पाणी धरते.

आता फेटायचं. हातानं, एकाच दिशेनं, पीठ पांढरं आणि हलकं होईपर्यंत. खात्री करायला वाटीत पाणी घेऊन त्यात पिठाचा थेंब टाका. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेटा. न फेटलेली वडी दगडासारखी वाळते आणि रश्शात शिजतच नाही.

तेलाचा हात फिरवलेल्या ताटांवर किंवा कापडावर सुपारीएवढ्या वड्या घाला. पहिल्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी वरून पापुद्रा धरला की अलगद सोडवून उलट्या करा. चार-पाच उन्हं लागतात. या वड्या दसऱ्यानंतर, आभाळ आठवडाभर निरभ्र राहील असं दिसेल तेव्हाच घाला. आदल्या दिवशी मोबाइलवर हवामान बघा आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. इतकं करून पहिल्याच दिवशी ढग आले, तर पीठ उरलेलं असेल त्याचे त्याच संध्याकाळी वडे तळा आणि घातलेल्या वड्या पंख्याखाली घ्या. आंबूस वास आला किंवा गुलाबी डाग दिसला, तर ती वडी ठेवू नका.

थंडीत या वड्या तेलात लालसर परतून, वांगं-आलूच्या रश्शात टाकून, वरून भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

६. अंबाडी : पानं आधी, फुलं नंतर

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत अंबाडीची कोवळी पानं मिळतात. ती ताजीच खा. पानं उकडून आंबट पाणी काढून टाका, शिजलेली तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटा, वर लसूण आणि लाल मिरचीची सढळ फोडणी. पानं वाळवूनही ठेवतात, पण माझ्या मते चव निम्मी होते.

खरी साठवण लाल अंबाडीच्या फुलांची. फूल गळून गेल्यावर मागे जी लाल, मांसल पाकळ्यांची बोंडी राहते, लोक तिलाच अंबाडीचं फूल म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे ती तयार होते. तोडताना बोट लावून पाहा. पाकळी टचटचीत असायला हवी आणि आतलं बी हिरवं. बी वाळून बोंडी तडकायला लागली की पाकळ्याही चिवट होतात.

आतलं बोंड काढायचं काम हेच किचकट. देठाच्या बाजूनं चाकूच्या टोकानं गोल चीर द्या आणि अंगठ्यानं बोंड वरच्या बाजूला ढकला. पाकळ्यांचा कप अख्खा हातात राहतो. बोंडावर बारीक लव असते, ती बोटांत शिरून खाज सुटते. लहान पोरांना हे काम देऊ नका. काढलेल्या पाकळ्या दोन पाण्यांतून धुवा, म्हणजे लव निघून जाते.

वाळवताना कडक ऊन नको. सकाळचं कोवळं ऊन आणि मग सावली, नाहीतर रंग उडून तपकिरी होतात. हाताला कागदासारख्या कुरकुरीत लागल्या की काचेच्या बरणीत भरून अंधाऱ्या कपाटात ठेवा.

सरबताला लिटरभर पाण्यात मूठभर पाकळ्या दोन-तीन तास भिजवा, पाच मिनिटं उकळा, गाळा, गूळ किंवा साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हाळ्यात पाहुणा आला की बाटलीबंद थंडपेयापेक्षा हे पुढे करा. ताज्या पाकळ्यांची चटणी तेलात परतून करतात : पाकळ्या, लसूण, सुकी मिरची, तीळ, गूळ, मीठ, आणि पाण्याचा थेंबही नाही. आठ-दहा दिवस टिकते. जॅम करायचा तर शिजवलेल्या गराइतकीच साखर घ्या. या पाकळ्या शिजल्या की आपोआप घट्ट येतात, बाहेरून काही घालावं लागत नाही.

अंबाडी कोणत्याही रूपात पितळी, तांब्याच्या किंवा जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) भांड्यात करू नका. आंबट रस धातू खातो. स्टील, काच किंवा चिनी माती, एवढंच.

७. शिंगाडे, सीताफळं, संत्री : साठवण्याचा हव्यास नको

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव आजही तिथली शेती भिजवतात, आणि त्या पाण्यात मासेमारी करणारी ढीवर कुटुंबं शिंगाड्याची वेल लावतात. छातीभर पाण्यात उतरून तो तोडावा लागतो, तेव्हा भाव करताना जरा थांबा. माझी नणंद पवनीकडे दिली आहे, ती दिवाळीत आली की गोणीच येते. शिंगाडा हातात जड आणि टणक हवा. कच्चा दातांनी सोलून खाऊ नका. तलावाच्या पाण्यातले आतड्यांचे कृमी सालीवर चिकटून येऊ शकतात. चोळून धुवा, मीठ घालून उकडा, मग सोला. उपवासाचं पीठ हवं असेल तर उकडून सोललेल्या शिंगाड्याचे दोन तुकडे करून, खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा आणि दळून आणा.

सीताफळ झाडावर डोळे उघडलं, म्हणजे खवल्यांमधली फट पांढुरकी-पिवळी दिसली, की तोडायचं. गव्हाच्या कुटारात (भुशात) ठेवलं की दोन-चार दिवसांत पिकतं. एकदम सगळी तोडू नका, एकदम सगळी पिकतील. गर कधीही शिजवायचा नाही, कडू होतो. बासुंदीत घालायचा तर दूध आटवून पूर्ण गार झाल्यावर. फ्रीज असेल तर बिया काढून गर गोठवा. आणि बिया पोरांच्या हाती लागू देऊ नका. त्या कुटून उवांसाठी डोक्याला लावायची जुनी पद्धत आहे, पण तो रस डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेड आणि आमच्या आर्वी-कारंजाचा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा एक हंगाम, याच दिवसांत उतरतो. त्याचा रस काढून ठेवू नका, काही तासांत कडवटपणा येतो. सोला आणि खा. साली वाळवून कुटा, दिवाळीच्या उटण्याला.

८. लिंबू आणि आवळा

लिंबाचं बिनतेलाचं लोणचं नवख्याला जमतं. एक किलो रसदार, पातळ सालीची लिंबं धुवून पुसून रात्रभर कोरडी करा. चार फोडी, २०० ते २५० ग्रॅम मीठ, दोन चमचे हळद. बरणीला फडकं बांधून रोज ऊन द्या आणि हलवा. साली मऊ झाल्यावरच, म्हणजे महिन्याभरानं, तिखट आणि साखर घाला. मीठ कमी केलं तर ते टिकणार नाही. कमी मिठाचं हवं असेल तर थोडंच करा आणि लवकर संपवा.

आवळ्याची घाई नको. दसऱ्याला बाजारात येणारा आवळा तुरट आणि चोयट असतो. कार्तिक शुद्ध नवमीला, आवळी नवमीला, झाडाखाली स्वयंपाक करून जेवायची रीत आहे. त्या सुमाराला आवळा भरतो. डबे घेऊन, शेजारपाजार घेऊन जा, नव्या माणसाची गावाशी ओळख अशा जेवणात पटकन होते. येताना आवळे आणा.

आवळा सुपारी करायची तर आवळे वाफवा. पाकळ्या आपोआप सुटतात, बी काढा. आल्याचा रस, मीठ, काळं मीठ, ओवा लावून चार-सहा उन्हं द्या. मोरावळ्याला किलोभर आवळ्यांना सव्वा किलो साखर धरा, आवळे काट्यानं टोचून आधी वाफवून घ्या. इथेही भांडं स्टीलचंच.

९. डाळी-दाण्यांची राखण

उडीद-मूग दोन-तीन उन्हं देऊन, दाताखाली कट् वाजतो का पाहून, पूर्ण गार करून भरा. अख्ख्या दाण्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून जमेल तेवढी डाळ करून ठेवा. डाळीला किलोमागे चमचाभर फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल चोळतात. अख्ख्या उडदाला गोवरीची चाळलेली राख. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवूनच टाका, ओला नाही.

कृषी दुकानात धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात. राहत्या घरात त्या वापरू नका. त्यातून निघणाऱ्या वायूनं झोपेत माणसं दगावतात. कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी नाही म्हणा.

फल्ली नवीन निघालेली असेल तर काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे वेचून फेका. भाजून किंवा तेल काढून ते चांगले होत नाहीत, बुरशीचं विष तसंच राहतं.

१०. वानोळा

हे सगळं फक्त आपल्या डब्यासाठी नसतं. वावरातलं पहिलं पीक, झाडाचं पहिलं फळ नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे पाठवायचं, तो वानोळा. तुम्ही गावात नवे असाल तर तुमच्या दारात सीताफळांचं टोपलं किंवा शेंगांची पिशवी येईल. पैसे विचारू नका, त्यानं माणूस दुखावतो. टोपलं परत करताना त्यात तुमच्याकडचं काही घाला. चार वड्या, वाटीभर चटणी, तुमच्या गावाकडचा एखादा पदार्थ, काहीही. ज्यांच्याकडे वावर नाही त्यांच्याकडे वानोळा आधी जातो, हे आमच्या घरातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

विकायचं मनात आलं तर मात्र वेगळा विचार करा. घरून विकलेल्या खाद्यपदार्थालाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. फोटो, आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. गावातल्या बचत गटात सामील झालात तर ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या ताई अर्ज भरायला मदत करतात.

११. चिठ्ठ्या आणि तपासणी

प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावा : काय, कोणत्या महिन्यातलं, भाजी कुणाच्या वावरातली. पुढच्या वर्षी कुणाची गवार चांगली वाळली ते त्यावरून कळतं.

भरल्यावर पहिला महिना दर आठवड्याला डबे उघडा. नाक आधी लावा, मग डोळे. झाकणाला ओल दिसली पण वास चांगला असला, तर लगेच दोन उन्हं द्या. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढंच काढून उरलेलं वाचवायचा मोह आवरा, तो डबा पूर्ण रिकामा करा, उकळत्या पाण्यानं धुवा आणि उन्हात उपडा ठेवा. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नका, आठवड्यापुरतं लहान वाटीत काढून घ्या. मार्गशीर्षात हवा कोरडी झाली की एकदा सगळं बाहेर काढून एक दिवस ऊन दाखवा, मग उन्हाळ्यापर्यंत काळजी नाही. मृगाच्या पावसाआधी जे उरलं असेल ते मात्र संपवून टाका. काचऱ्या पावसाळ्याच्या दमटात टिकत नाहीत, आणि तोवर परसात पुन्हा गवार टोचायची वेळ झालेली असते.